उपाशीपोटी

खानापुरात, जांबोटी रोडला, आमची लॅब.
शटर वर करते तर धाकलू झोरे
पायरीवर बसलेले, घोंगडं दवानं ओलं.

"उपाशी आहात ना?"
"सांजेला आंबील पिऊन निजलोय की."
"आलात कसे?"
त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

लेक यशवंत मागनं आला, बेळगावहून, कारनं.
वय अडतीस. गोळ्या दोन, तिसरी नवी.

फॉर्ममध्ये रकाना असतो : व्यायाम करता?
यशवंत म्हणाला, "जिम लावलीय. म्हणजे, फी भरलीय."
म्हातारा विचारात पडला.
"व्यायाम? नाही ओ बाई,
म्हशींमागनं वेळ कुठला."
मी लिहिलं : नाही.

दुपारी मशीननं आकडे दिले.
बापाची साखर चौऱ्याऐंशी,
लेकाची दोनशे एकतीस.
रक्तगट एकच,
मधे फक्त तीस किलोमीटर डांबर.

रानातलंच बरं, असं म्हणणार होते मी.
पण भावंडं किती, विचारल्यावर
ते सात म्हणाले होते, आणि जरा थांबून,
"उरलो दोघं."
तापात गेली. पावसाळ्यात. तेव्हा रस्ता नव्हता.

हाच रस्ता.

बापाचा आकडा ऐकून यशवंत धावत जाऊन
पावशेर कुंदा घेऊन आला.
म्हाताऱ्यानं नखाएवढा तोडला, चघळला,
"लई गोड," म्हणाले,
आणि पुडा माझ्या टेबलावर सरकवला.

खिडकीतून दिसलं : ते चालू लागलेत,
यशवंत कारपाशी, किल्ली हातात,
एकदा कारकडं बघतोय, एकदा त्यांच्या पाठीकडं.

माझी स्वतःची तपासणी
दोन वर्षं राहिलीय.
पुडा अजून उघडाच आहे.