अर्धा पीळ

बेतीच्या दुकानदाराला मी नकोसा झालोय.
खिशातलं लोहचुंबक काढतो,
एकेक स्क्रू लावून बघतो.
चिकटला तो परत डब्यात.

मागे कायतानने होकायंत्राशेजारी
फिशफाइंडर बसवला होता, साध्या लोखंडी स्क्रूंवर.
सुईने उत्तर सोडली, त्यांच्याकडे बघत राहिली.
त्या रात्री आग्वादचा दिवा
आम्ही नको त्या बाजूला शोधला.

आता पितळी, नाहीतर तीनशेसोळा.
सिलिकॉन खिडकीच्या काचेपुरतं.
ही दुसरी ट्यूब मात्र लाकूड घेऊनच सुटते,
जे पुन्हा काढायचं नाही तिथेच लाव.
भोकाला आधी इपॉक्सी पाज.
मग बोल्ट आवळ, अर्धाच.
पूर्ण आवळलास तर सगळं लुकण बाहेर,
आत पाण्याला वाट.
उरलेला पीळ उद्या, सुकल्यावर.

उद्या नाही, म्हणतो कायतान.
उद्या पहाटे दाबोळी, मग नऊ महिने
कुठल्यातरी पांढऱ्या बोटीवर टॉवेलांच्या घड्या.

बोटांवरचं लुकण रॉकेलने निघत नाही.
मालीमच्या धक्क्यावर भरती चढतेय.
पाना मी वरून फिरवीन,
खाली, इंजिनाच्या अंधारात,
नट कोण धरणार?