जात कुठली घेणार?

आमच्या घरात जात विचारायची नाही, अशी शिस्त होती.
वडील तेवढ्या बाबतीत कडक.
आणि आता एकसष्टाव्या वर्षी मी
वही घेऊन ज्याला त्याला विचारत फिरते :
जात कुठली घेऊ?

मनोरीत सात गुंठे. निम्मा खडक, निम्मा खारा चिखल,
मधोमध एक भेंडीचं झाड.
कुंपणापलीकडे ऑस्कर कोळासोची वांगी.
मेंढी तिकडे गेली तर तो थेट चौकीत जाणार,
हे त्यानं मेंढी यायच्या आधीच सांगून ठेवलंय.

एकतीस वर्षं मी ठाण्याच्या गिरणीत लोकर तपासली.
गासड्या बोटीनं यायच्या, कुठल्या कुठल्या थंड कुरणांतून.
चिमूट काढायची, काचेखाली धरायची, आकडा लिहायचा :
एकोणीस मायक्रॉन. वीस. साडेअठरा.
तिसाच्या वर गेली की लाल शिक्का.
मेंढी मात्र एकदाही पाहिली नाही.
कधी एखादं काटेरी बी निघायचं लोकरीत अडकलेलं,
ते मी खिशात टाकायचे. का, ते विचारू नका.

मालाडचे जनावरांचे डॉक्टर शेट्टिगार म्हणाले,
दख्खनी? इथे? खुरं कुजतील हो.
आषाढभर बिचारी ओलं घोंगडं पांघरून उभी राहील.
बिनलोकरीची घ्या. नेल्लोर घ्या.
उंच, आखूड केसांची, पाणी निथळून जातं.

बिनलोकरीची.
मग मी तपासू काय?

माडग्याळ पाहिली, फोनवर, जत्रेतली.
पोपटनाकी, तांबूस ठिपक्यांची, कान लांबच लांब,
मालक शेजारी फेटा बांधून, लग्नाच्या फोटोला उभा राहावा तसा.
किंमत ऐकली आणि फोन पालथा ठेवला.

बंगालची गारोळ : गुडघ्याएवढी,
दलदलीत सुखी, जुळी देते, खाते थोडं.
वहीत तिच्यापुढे चार खुणा झाल्या.
सगळं जुळत होतं.
सगळं जुळतं आणि मन होत नाही,
अशी दोन स्थळं मी पूर्वीही परत पाठवली आहेत.

मार्गशीर्षात उत्तनच्या रस्त्याला कळप बसलेला दिसला.
रिक्षा थांबवली. मायाप्पा ठोंबरे, म्हसवडकडचे.
वही पहिल्यापासून वाचून दाखवली.
त्यांनी ऐकून घेतली, तंबाखू मळत, मधे एकदा एका कोकराला हाकललं,
आणि म्हणाले,
पावसात आम्ही तरी कुठं ऱ्हातो हितं?
जात नगा बघू, बाई. महिनं बघा.
आता ठेवा, वैशाख सरंपातूर तुमच्या.
पुढं माझ्यात मिसळून घाट चढवतो, दिवाळी झाली की परत आणतो.
वळखायला शिंगावर रंग मारू?
त्यांची बायको हौसाबाई मागून म्हणाली, शिंगं कुठायत तिला?

तर दोन दख्खनी.
एक काळी. दुसरीही काळी, पण कपाळाला पांढरा टिळा.
टेम्पोत चढेनात, उतरताना उड्या मारून उतरल्या.
पहिल्या रात्री भेंडीखाली दोघी समुद्राकडे पाठ करून बसल्या,
आवाज कसला येतोय, ते कळलं नसावं.

काल टिळेवालीच्या मानेवरची चिमूट काढली.
जुनी काच आहे अजून.
बेचाळीस. चव्वेचाळीसही असेल, डोळे पूर्वीचे नाहीत.
गालावर घासून पाहिली. टोचली.
हात नकळत शिक्क्याकडे गेला,
आणि टेबलावर नुसती मिठाची बरणी होती.

संध्याकाळी ऑस्करला समजावलं :
अरे, बारा महिने नाहीत, पावसात जातात त्या वर,
दिवाळी ते वैशाख, एवढंच.
तो बराच वेळ कुंपणाची तार ओढून बघत राहिला.
मग म्हणाला,
आणि बाई, माझी वांगी कधी असतात?