दुसरी बाजू

पहिली बाजू सगळ्यांची.
ती रेडिओवर वाजली, न्हाव्याच्या दुकानात वाजली,
डेट्रॉइटच्या आमच्या भागात, जिथं दंगलीनंतर पाच वर्षं
खिडक्यांवर फळ्याच ठोकलेल्या होत्या,
तिथंही फळ्यांमागून ऐकू यायची.
आमच्या घरी दुसरी.

रविवारी चर्चहून आली की आई
टोपीची पिन काढायची, बूट तसेच,
सुई टेकवायची
आणि इस्त्री तापेपर्यंत उभी राहायची.

आधी नुसती खरखर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.
मग ओझेलमामाचा बेस.
खर्ज म्हणावा तर तेवढा गंभीर नाही.
कोणी जड माणूस जिन्यावरून
दमानं, कठडा धरून उतरतोय, असा.
दर पायरीला वाटतं, आता चुकणार.
चुकत नाही. समेच्या केसभर मागे
पाय टेकतो,
आणि अख्खं घर टेकतं त्याच्याबरोबर.

कव्हरवर कॉर्डेल विंबिश,
जांभळा कोट, रेललाय एका गाडीला.
(गाडी दुसऱ्याची होती, कोटसुद्धा.)
मागे बारीक अक्षरांत नावं :
फोटो कोणी काढला, केस कोणी कापले.
मामाचं नाव नाही.
गाण्यामागे पंधरा डॉलर मिळाले
आणि तळलेल्या माशाचं सँडविच, एकदाच.

दिवसा फाउंड्री, रात्री स्टुडिओ.
स्टुडिओ म्हणजे जुनी लाँड्री,
भिंतींना अजून साबणाचा वास.
व्हायोलिनवाले सहा गोरे म्हातारे आले,
कोट काढायला तयार नाहीत,
कागदावरून नजर काढायला तयार नाहीत.
तिसऱ्या वेळी, मामा सांगायचा,
त्यातल्या एकाचा बूट हलला.
मामानं पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं.
"माणूस सुरात येत असला
की त्याच्याकडे बघायचं नसतं, पोरी."

तिसरं गाणं. दुसरं कडवं संपतं
आणि सगळे थांबतात, चार मात्रा.
त्या शांततेत एक खुर्ची कुरकुरते.
मामाची. पाठ दुखायची त्याची, तो जरा सरकला.
काचेमागून हार्गिस ओरडला, पुसा ते!
कॉर्डेल म्हणाला, राहू दे.
गाण्यात कोणीतरी बसलंय, कळू दे लोकांना.

मामा गेला त्याला आता खूप वर्षं झाली.
फुप्फुसात फाउंड्री घेऊन गेला.

परवा माझा ट्रेमेन फोन घेऊन आला,
म्हणे, बघ, नवीन काढलाय, एकदम स्वच्छ.
खरंच स्वच्छ. कॉर्डेलचा श्वाससुद्धा सुटा ऐकू येतो.
कोरसमध्ये पाच बायका आहेत
हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं, मी चारच धरायचे.
मग तिसरं गाणं. दुसरं कडवं.
चार मात्रा.
धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या.
कोणी बसलेलं नाही.

"काय झालं?" पोरानं विचारलं.
मी माझी खुर्ची मागे सरकवून पाहिली.
प्लास्टिकची ती. तिला काय बोलता येणार?

तळघरात गेले. खोक्याला ओल आली होती,
कॉर्डेलच्या कोटाचा जांभळा रंग पार उतरलेला.
तबकडी बाहीला पुसली, दुसरी बाजू लावली,
आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले
ती जागा येईपर्यंत.

तिथं आई इस्त्री उचलायची.
न बघता, दर रविवारी,
चार मात्रा हवेत धरायची,
ती कुरकुर आली, गाणं सुरू झालं
की मग खाली.
एकही कॉलर जळली नाही कधी.