नऊ दिवसांनंतर

नव्याचे नऊ दिवस. आमचा धंदाच तेवढ्याचा होता.
पोर्तोच्या एका चौथ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत
अकरा वर्षं मी नऊ-नऊ दिवसांची नवलाई विकली.
सोमवारी बँक, मंगळवारी बिअर,
बुधवारी कुत्र्यांचा विमा.
हो, असतो. त्यालाही घोषवाक्य लागतं.
दर पंधरा मिनिटांचा हिशेब तक्त्यात भरायचा;
एकदा रडायला बाथरूममध्ये गेले
तेव्हा तो वेळ टूथपेस्टच्या खात्यावर टाकला.

रात्री दोन वाजता पिझ्झ्याच्या खोक्यावर पाय टाकून
एवारिश्तु म्हणायचा,
"उद्या जिंकलो की झोपू."
जिंकायचो.

अशी बारा गावचं पाणी प्यायलेली मी
आता एकाच विहिरीवर आले आहे:
मातोझिन्योश, बंदरामागची गल्ली, सार्डिनचा कारखाना.
खुर्चीच्या पाठीवर आधीच्या माणसाचा स्वेटर अजून तसाच.
खिडकीखाली पांढऱ्या टोप्यांची रांग,
डबे, डबे, आणि मध्येच कुणाचं तरी खोकल्यासारखं हसू.

पहिल्याच आठवड्यात मी अठ्ठेचाळीस पानांचं सादरीकरण केलं,
एका निळ्या रंगाबद्दल.
त्या निळ्याला मी नाव दिलं होतं, त्याला स्वभाव दिला होता,
बालपणसुद्धा.
मालक, सेन्योर अमान्सियु, कोबीचं सूप पीत ऐकत होते.
शेवटचं पान गेलं. टाळ्या नाहीत.
त्यांनी चमचा पुसला आणि विचारलं,
"तेल लागलं तर उतरतो का हा?"
मला माहीत नव्हतं.
अकरा वर्षांत माझा कुठलाच निळा
कधी तेलात पडला नव्हता.

एवारिश्तुचा फोन येतो अधूनमधून,
त्याच्यामागे ग्लासांचा आवाज.
"कंटाळलीस ना? तेच मासे, तोच डबा?"
मी हो म्हणते. खोटं नाही ते.
साडेपाचला घरी पोचते तेव्हा इतका उजेड शिल्लक असतो
की त्याचं काय करावं सुचत नाही.
परवा मी सगळ्या मोज्यांच्या जोड्या लावल्या.
आणि कधी कधी मध्यरात्री दचकून उठते,
कुणीच मला घाई करत नाहीये
या भीतीनं.

पण झुल्मीरा.
चौतीस वर्षं ती डब्यांभोवती कागद गुंडाळते, हातानं,
तीन घड्या, डिंकाचा एक ठिपका.
मी निवडलेला जाड, देखणा कागद,
ज्याच्यासाठी मी छापखान्याशी भांडले,
तो तिनं फेब्रुवारीत माझ्या टेबलावर आणून ठेवला
आणि काही न बोलता तळवे उघडले.
पेरापेरांवर बारीक चिरा.
चिरांत मीठ.

एजन्सीत असते तर तोवर
मी कुठल्या तरी टायरच्या जाहिरातीत बुडालेली असते.
इथं मला पळायला दुसरा क्लायंटच नव्हता.
तळवे समोर होते.
मी नजर खाली घातली, तर खाली कागद होता.

तर कागद बदलला. नव्या कागदावर निळा थोडा मेला.
पाठीमागची अक्षरं दोन पॉइंटांनी वाढवली,
कारण ब्रागाच्या एका बाईंनी रिकामा डबा धुऊन
पोस्टानं परत पाठवला, आत चिठ्ठी:
"तारीख वाचता आली नाही. तरी खाल्ले. चांगले होते."
इतक्या बक्षिसांच्या रात्रींत
मला कुणी असं काही लिहिलं नव्हतं.

त्या डब्यात आता मी पेन्सिली ठेवते.
वास जात नाही. ट्राममध्ये शेजारचे लोक
आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या पिशवीकडे.

पुढच्या वर्षीचं लेबल काढायला घेतलंय.
खवले झाले, शेपटी झाली.
माशाचा डोळा काही केल्या जमत नाही,
एकतर मेलेला दिसतो, नाहीतर बनेल.
आज शुक्रवार.
सोमवारी पुन्हा तोच डोळा.