वार

रविवारी इथे कुणी जन्मत नाही.
कांपिनासच्या या प्रसूतिगृहाचा तक्ता मीच भरते:
सोमवारी अकरा, मंगळवारी चौदा,
कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी
टेबलांना उसंत नसते.
ताउआनी, सहा तारीख, सकाळी आठ.
केस सेट करणारी मुलगी सातला येईल.
कळा यायच्या आत उरकायचं असतं सगळं.

डॉक्टर वान्देर्लेईंना एकदा विचारलं,
एवढ्या सगळ्या अडलेल्याच असतात का हो?
ते चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, कळा रात्र खातात,
आणि विमा कंपनी रात्र मोजत नाही.

माझी आई शेतावर, आढ्याच्या दोरीला लोंबकळून
सुटली होती माझ्या वेळी.
त्यानंतर देश पुढे गेला, पगार वाढले,
मला एकाच टाक्यावरून दोनदा उसवलं.
का, ते मीही विचारलं नाही.
कार्ड होतं ना माझ्याकडे.

फरशी पुसणारी गेर्दा हैतीची.
तक्त्यावर बोट ठेवून तिने मंगळवार मोजला.
या सगळ्या जगल्या?
जगल्या की. अगं, काही झालंच नव्हतं त्यांना.

ती बादलीपाशी खाली बसली.
तिच्या बहिणीला, इस्लांदला, तीन दिवस कळा.
मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून
नदी ओलांडली, दवाखाना गाठला.
टेबल होतं. सुरीही होती.
भूल देणारा पगार थकला म्हणून निघून गेलेला,
जनरेटर कोरडा.
एकच हवं होतं, गेर्दा म्हणाली,
तुमच्या मंगळवारातलं एक.

मी खोडरबर हातात घेऊन बसले.
इथलं नाव खोडलं
तर इथेच जागा रिकामी होते,
तिकडे काही जात नाही.

मग एका रविवारी वाल्दिरेने आली,
बसची कंडक्टर, गणवेशातच,
पाणी गेलेलं, लिफ्ट बंद.
डॉक्टर फोनवर, मागे मांस भाजल्याचा चरचराट:
धरून ठेवा, निघालोच.
कोण कुणाला धरून ठेवणार!
जिन्याच्या वळणावर गेर्दाने हातमोजे काढून फेकले,
नुसत्या हातांत झेललं,
आणि वार पडेपर्यंत
कुठल्याशा भाषेत तिला शिव्या देत राहिली, लाडाने.

तक्त्यात रविवारचा रकानाच नाही.
समासात लिहिलं:
मुलगी. तीन किलो शंभर.
आपली आपण.