एक टोला जास्त

वेंगुर्ल्याच्या त्या कॉलेजात
परीक्षा विभाग म्हणजे पापनिवेदनाची लाकडी खोली.
जाळीपलीकडे सामंत क्लार्क,
अलीकडे पोरं, वाकून:
"सर, फॉर्म भरायचा राहिला."
दंड पन्नास. माफी नाही.

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात
परीक्षानळ्या निथळतात.
शिंपल्यांच्या तावदानांतून दुधाळ उजेड
फळ्यावरची समीकरणं अर्धी पुसतो.

तिसऱ्या बाकाखाली एक फरशी:
लुईझा, वय अठरा.
हजेरीत तिचं नाव नाही,
तरी तिथे कोणी चपला घालून बसत नाही.
का, ते कोणी सांगितलेलं नाही.

तास संपला की इनास शिपाई दोरी ओढतो.
त्याचा आजा हीच ओढायचा, मयताला.
दोन नोव्हेंबरला टोला एक जास्त पडतो.
प्राचार्यांनी विचारलं, तर म्हणाला,
"मोजूक चुकलंय, सर."