पट्टीवरचा इंच

वृषालीनं रात्री फोन केला,
आता शेवटचंच राहिलंय, पप्पा.
दहा वर्षांचे पत्ते हवेत,
महिन्याला महिना लागून.
मध्ये फट चालत नाही त्यांना.

फटीचं मला सांगू नको, म्हटलं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले मी.
सागाच्या दोन फळ्यांत केस शिरंल एवढी जागा राहिली
तरी फौंड्रीवाला पॅटर्न परत आणून
बाकावर आपटायचा.

तिकडचं सगळं तिला पाठ.
इकडचं मी वहीत काढत बसलो.
सुतारवाडा, घर तेच, दार तेच.
पुण्यात कोथरूडला चौघींत एक खोली,
भाडं दर महिन्याला मी पाठवायचो
म्हणून तारखा माझ्याकडं.
मग परत सुतारवाडा.
मग दोन हजार एकोणीस, ऑगस्ट.

पंचगंगा दारातनं येत नाही आमच्यात.
आधी मोरी बुडबुडते,
मग मोरीतनंच वर येते, चुलतीसारखी, न विचारता.
हत्यारं माळ्यावर टाकली आणि निघालो मठात.
अकरा दिवस.
खांबाजवळ सतरंजी, उशाला तुझी फाईल
एकात एक तीन पिशव्यांत बांधलेली.
हे कुठं लिहू?

ते नाही लिहायचं पप्पा, ती म्हणाली,
तो काय पत्ता नव्हे.

चौकशीला हवालदार भोपळे आले.
साक्षीला शकिलाभाभी आणि वडणगेकर तात्या.
मुलगी इथलीच?
इथलीच की, आमच्या हातावर वाढलीय.
काही भांडणतंटा, केसबिस?
तात्यांना हसू आलं. सायकलवरनं एकदा
माझ्या पायावर घातलीती, तेवढीच.
सही करताना भाभींनी विचारलं,
पर परत यायची हाय न्हवं ती?
भोपळेंनी कागद उलटसुलट बघितला.
ह्यात तसा रकाना नाही, मावशी.

महिन्याभरानं तिला तिकडं दाखला मिळाला.
सदर इसमाविरुद्ध येथे कोणतीही नोंद नाही.
शिक्का अगदी स्वच्छ उठलेला.
मी मोबाईल लांब धरून दोनदा वाचलं.
कोणतीही नोंद नाही.

आमच्या धंद्यात एक वेगळी पट्टी असते.
तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचाहून जरा मोठा.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
फुटाला एक सूत.
ते सूत लाकडात आधीच वाढवून ठेवायचं.
नवीन पोरगं दुकानात आलं की पहिल्यांदा हेच चुकायचं,
साध्या पट्टीनं मापायचं,
आणि जॉब शेवटी बसायचा नाही.

तुला वाढवताना मी कुठली पट्टी धरली होती
आता आठवत नाही.
तिथं म्हणे उणे तीस असतं.

काल संध्याकाळी तिनं व्हिडिओवर घेतलं.
इथं सातची वेळ, गंगावेशीत म्हशी उभ्या,
लोक पेला धरून धारेखाली.
तिच्या मागं पांढरी भिंत, फोटोसाठी मोकळी केलेली.
हसायचं नाही असा नियम, म्हणाली,
आणि मला बघून हसली, म्हणून फोटो परत काढला.
मग एकेक प्रश्न वाचून दाखवला, मराठीत करून.
तुम्ही आत्ता या देशात आहात काय?
कायम राहण्याचा विचार आहे काय?
बोट तिथंच धरून
तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, दाब की. दूध नासंल माझं.

झालं?
झालं. आता कार्ड येईल पोस्टानं.
कुठल्या पत्त्यावर, असं तोंडात आलेलं,
पण शेजारच्या गवळ्यानं पेला पुढं केला
आणि फोन खिशात गेला.

घरी आल्यावर वही काढली.
ऑगस्टच्या दोन ओळींमध्ये जागा नव्हती,
तरी पेन्सिल धार करून बारीक लिहिलं,
मठ, दसरा चौक, खांब डावीकडचा, दिवस अकरा.
पॅटर्नमध्ये आम्ही पुट्टी भरतो, तसं.
वाळली की कागदानं घासायची,
आणि डोळे मिटून वरनं बोट फिरवून बघायचं
लागतं का.